त्याचं क्यूट, आपलं व्हर्नॅक!

४०० मीटर म्हणजे मैदानाची बरोब्बर एक चक्कर. जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात वर्ल्ड अंडर-ट्वेन्टी ॲथलेटिक्स चँपियनशिप सुरू होती आणि आसाममधल्या भातशेती करणाऱ्या घरातली अठरा वर्षांची हिमा दास त्या एका चक्करसाठी तिथे पोचली होती. सेमी-फायनल तिने जिंकली. समोर माइक आला, प्रश्न इंग्लिशमध्ये आले आणि पोरीने जमेल तशी इंग्लिशमध्येच उत्तरं दिली. ती काय म्हणतेय ते सगळ्यांना कळलं. विषय संपला?

छे! ॲथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडियाने, म्हणजे चक्क तिच्या स्वतःच्या फेडरेशनने, तो व्हिडिओ ट्विटरवर टाकला आणि वर लिहिलं, की हिचं इंग्लिश काही तितकंसं फ्लुएंट नाही, पण तिथेही तिने आपलं बेस्ट दिलं!

आता गंमत अशी, की हे ट्विट वाईट मनाने लिहिलेलं नव्हतं. पुढे अभिमान वगैरेचे शब्द होते, फायनलसाठी शुभेच्छाही होत्या. म्हणूनच ते जास्त लागतं. लग्नाच्या बैठकीत एखादी मावशी म्हणते ना, ‘मुलगी जरा सावळी आहे हो, पण नाकी-डोळी नीटस!’ त्यातला प्रकार. अहो मावशी, रंगाचं कुणी विचारलं होतं का तुम्हाला? धावणाऱ्या मुलीच्या फेडरेशनने तिची वेळ सांगावी, लेन सांगावी. इंग्लिशचे मार्क द्यायला यांना कुणी सांगितलं होतं?

१२ जुलैला हिमा फायनल धावली. ५१.४६ सेकंद. गोल्ड मेडल. जागतिक पातळीवरच्या स्पर्धेत ट्रॅकवर भारताला मिळालेलं पहिलंवहिलं गोल्ड. तोवर लोकांनी फेडरेशनला नेटवर जाम धुतलं होतं. मग माफी आली, आणि ती आली हिंदीत! आमची धावपटू मैदानात काय आणि मैदानाबाहेर काय, कुठल्याच अडचणीला घाबरत नाही, एवढंच आम्हाला दाखवायचं होतं, असा एकूण सूर. म्हणजे इंग्लिश ही मैदानाबाहेरची ‘अडचण’ आहे, हे माफीतसुद्धा कायमच. सॉलिड!

याच्याशेजारी मेस्सीला उभा करा. २०२३ मध्ये तो अमेरिकेत मायामीच्या क्लबकडून खेळायला गेला, तिथली पहिली मोठी प्रेस कॉन्फरन्स त्याने स्पॅनिशमध्ये केली. आपल्याकडे रात्र रात्र जागून मॅच बघणाऱ्यांपैकी कुणाला हळहळ वाटली का, की अरेरे, एवढा मोठा प्लेयर, पण साधं स्पोकन इंग्लिश नाही बिचाऱ्याला? उलट तो स्पॅनिश बोलतो, हेही आपल्याला जाम क्यूट वाटतं. आपली मुलगी चुकतमाकत का होईना इंग्लिश बोलली, तर ती ‘व्हर्नॅक’. मुंबईच्या कॉलेजांमध्ये हा शब्द व्हर्नॅक्युलर मीडियमवाल्यांसाठी किती वर्षं फिरतोय ते तुम्हाला माहितीच असेल. तुमच्यापैकी काहींना तो चिकटलाही असेल.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण इंग्लिशवरून नेत्याची टर उडवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. जॉर्ज डब्ल्यू. बुश. आपण शाळा-कॉलेजात होतो तेव्हा या माणसावरचे फॉरवर्ड घराघरातल्या इनबॉक्समध्ये यायचे, आठवतंय? जानेवारी २००० मध्ये साउथ कॅरोलायनात शिक्षणावर बोलताना साहेबांनी विचारलं, ‘इज अवर चिल्ड्रन लर्निंग?’ विषय शिक्षणाचा, त्यात हे! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘मिसअंडरएस्टिमेटेड’ नावाचा नवाच शब्द जन्माला घातला. ‘न्यूक्लिअर’ला तर ते शेवटपर्यंत ‘न्यूक्युलर’च म्हणत राहिले. अणुबॉम्बचं बटण ज्याच्या हातात, त्याला अणूचा उच्चार येईना! या सगळ्याला ‘बुशिझम’ असं नाव पडलं, पुस्तकं निघाली.

आणि बुशसाहेबांचं काय बिघडलं? काही नाही. २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या पत्रकारांच्या डिनरला त्यांनी तेच पुस्तक हातात धरून स्वतःच्याच चुका वाचून दाखवल्या आणि हशा वसूल केला. त्याच वर्षी येल युनिव्हर्सिटीत पदवीदान समारंभात जाऊन ते म्हणाले, की ‘सी’ ग्रेडवाल्यांनो, तुम्हीही अमेरिकेचे प्रेसिडेंट होऊ शकता. बोलणारा स्वतः येलचा ग्रॅज्युएट, वर हार्वर्डचा एमबीए, वडील माजी प्रेसिडेंट. २००४ मध्ये पुन्हा निवडून आला. त्याचं इंग्लिश ‘बिघडलेलं’ होतं, पण होतं त्याचंच. ‘याला इंग्लिश येत नाही’ असं त्याच्याबद्दल म्हणता येत नाही, फार तर ‘काय हा माणूस!’ म्हणता येतं. बाय द वे, ते ‘न्यूक्युलर’ म्हणणारे एकटे बुश नव्हेत, आयझेनहॉवरही तसंच म्हणायचे. मेरियम-वेब्स्टरच्या डिक्शनरीत हा उच्चार नोंदवलेला आहे, पुष्कळांना तो मान्य नाही, अशी सूचना सोबत जोडून. डिक्शनरीवाले समजूतदार असतात. लोक जे बोलतात ते लिहून ठेवतात आणि भांडण लोकांवर सोडतात.

सगळेच इतके नशीबवान नसतात म्हणा. थोरल्या बुश यांचे व्हाइस प्रेसिडेंट डॅन क्वेल जून १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या एका शाळेत गेले. एका मुलाने फळ्यावर ‘पोटॅटो’चं स्पेलिंग बरोबर लिहिलं होतं, क्वेलसाहेबांनी त्याला शेवटी एक ‘ई’ जोडायला लावला. शाळेनेच त्यांच्या हातात दिलेल्या कार्डावर ते तसं चुकीचं छापलेलं होतं. पण कार्ड कोण बघतो? क्वेल जरा ‘ढ’ आहेत, अशी इमेज आधीच तयार होती, तो ‘ई’ तिच्यावर अगदी फिट्ट बसला आणि जन्मभर चिकटला. हाच प्रकार एखाद्या हुशार समजल्या जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत झाला असता, तर ‘स्लिप झाली’ म्हणून सोडून दिलं असतं. आधी माणसाबद्दलचं मत, मग स्पेलिंग. नीट बघाल तर दर वेळी हाच क्रम सापडेल.

इंग्लंडमध्ये तर याची कमाल आहे. टोकियो ऑलिंपिक, २०२१. बीबीसीवर ॲलेक्स स्कॉट ॲंकरिंग करत होती. इंग्लंडकडून १४० मॅच खेळलेली फुटबॉलपटू, लंडनच्या ईस्ट एंडमध्ये वाढलेली. ३० जुलैला डिग्बी जोन्स नावाचे लॉर्ड, माजी मंत्री, ट्विटरवर कडाडले, की आता सहन होत नाही! ही बाई शब्दाच्या शेवटचा ‘जी’ खाते. ‘स्विमिंग’चं ‘स्विमिन’, ‘बॉक्सिंग’चं ‘बॉक्सिन’. चांगल्या कार्यक्रमाची वाट लावते. हिला कुणीतरी उच्चार शिकवा. ॲलेक्सने उत्तर दिलं, की मी ईस्ट लंडनमधल्या कामगार कुटुंबातली आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

इथवरची गोष्ट नेहमीची. खरा मसाला पुढे आहे. हाच शेवटचा ‘जी’ गिळणं ही एकेकाळी इंग्लंडमधल्या उमराव लोकांची खास लकब होती! इस्टेटवाले, घोडेवाले, शिकारीवाले लॉर्ड आणि लेडी ‘हंटिन, शूटिन, फिशिन’ असंच म्हणायचे. इतकं, की हे तीन शब्द ओळीने उच्चारले की इंग्रज माणसाच्या डोळ्यासमोर आजही गावाकडची हवेली आणि शिकारी कुत्रे येतात. म्हणजे बघा, अक्षर तेच, गिळणारा बदलला. लॉर्डने गिळलं तर खानदानी, कामगाराच्या मुलीने गिळलं तर अडाणी. मग तो ‘जी’ व्याकरणाचा प्रश्न होता कधी?

आपल्याकडे याचं उलटं टोक शशी थरूर. मे २०१७ मध्ये त्यांनी एका ट्विटमध्ये ‘फरागो’ हा शब्द वापरला आणि अख्खा देश डिक्शनरी उघडून बसला. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीवाल्यांनी जाहीरपणे नोंद घेतली, की अचानक एवढे लोक हा शब्द का शोधताहेत! पुढच्या वर्षी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ आला. हो, हा खरंच एक शब्द आहे, अर्थ साधारण ‘क्षुल्लक ठरवणं’ असा. थरूर स्वतः या सगळ्याची मजा घेतात, ते हुशार आहेत. माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे. हिमाचं बोलणं प्रत्येकाला कळलं आणि आपण तिला मार्क दिले. थरूरांचं कुणालाच कळलं नाही आणि आपण टाळ्या वाजवल्या! भाषेचं काम कळणं हे असेल, तर आपला हिशेब कुठेतरी गंडलाय.

‘पण मग इंग्लिश कसंही बोललं तरी चालेल का?’ असं विचारणारे लगेच हात वर करतील. थांबा. कसंही नाही चालत. कुठे चालत नाही, याचं एक भयंकर उदाहरण आपल्याच आकाशात घडलंय. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं एकमेकांवर आदळली, दिल्लीहून निघालेलं सौदी जंबो आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं. कॉकपिटमधल्या लोकांचं कच्चं इंग्लिश हा मुद्दा त्या अपघाताच्या चौकशीत पुढे आला.

अशा अपघातांनंतर आयसीएओने, म्हणजे जगभरच्या विमानवाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, पायलट आणि कंट्रोलर यांच्या इंग्लिशसाठी सहा लेव्हल्स ठरवल्या. इंटरनॅशनल उड्डाणांसाठी निदान चौथी लेव्हल हवी. यातली उच्चारांबद्दलची अट मी मुद्दाम शोधून वाचली आणि खुर्चीतच ताठ बसले. चौथ्या लेव्हलला काय लिहिलंय? उच्चारांवर मातृभाषेचा प्रभाव असेल, पण त्यामुळे समजायला अडचण फक्त कधीकधीच यावी. पाचव्या लेव्हलला ती क्वचित यावी. आणि सहाव्या, म्हणजे सर्वात वरच्या, एक्सपर्ट लेव्हलला? मातृभाषेचा प्रभाव इथेही असू शकतो, पण अडचण जवळजवळ कधीच येऊ नये. बस्स! जिथे एका शब्दाच्या गफलतीने शेकडो जीव जातात, तिथेही ‘तुमची मातृभाषा ऐकू येता कामा नये’ अशी अट नाही. अट एवढीच, की समोरच्याला कळलं पाहिजे.

आणि आता आपल्या ऑफिसात या. बीपीओमध्ये काम केलेल्यांना ‘एमटीआय’ हे प्रकरण पाठ असेल. मदर टंग इन्फ्लुअन्स. मातृभाषेचा प्रभाव. आयसीएओच्या कागदात जी निव्वळ वस्तुस्थिती आहे, ती इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर दोष म्हणून लिहिली जाते. ‘कँडिडेट गुड, बट हाय एमटीआय.’ एखाद्याला हाय बीपी असावं तसं!

माझी एक मैत्रीण आहे, मराठवाड्यातल्या छोट्या गावात मराठी मीडियमला शिकलेली, पुण्यात आयटीत. कोडमध्ये बाप आहे, तिच्या टीममधले लोकच सांगतात. प्रॉब्लेम ही सोडवते, स्लाइड्स ही बनवते, पण क्लायंटच्या कॉलवर प्रेझेंट करतो दुसराच. का, तर ‘ही सॉर्ट ऑफ साउंड्स बेटर’. एकदा मी तिला विचारलं, क्लायंटने कधी तक्रार केली का? म्हणाली, ‘अगं, क्लायंटला मी कधी ऐकूच गेले नाहीये, तक्रार कुठून करणार?’ अप्रेझलमध्ये तिला दोन वर्षं एकच कॉमेंट मिळतेय, ‘नीड्स मोअर व्हिजिबिलिटी’. आधी माइक काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, आवाज येत नाही! प्रमोशन दुसऱ्याला मिळालं, हे वेगळं सांगायला नको. माइकचा हा खेळ दरमहा काही हजारांना पडतो. विषय नुसत्या मानापमानाचा असता तर मी एवढी चिडले नसते.

याच टीमची दुसरी गंमत तिनेच सांगितली. क्लायंटच्या बाजूला स्कॉटलंडचा एक माणूस आहे. तो बोलायला लागला की इकडच्या आठही जणांना ओ की ठो कळत नाही. मग काय करतात? ‘सॉरी, युवर व्हॉइस इज ब्रेकिंग!’ त्याचं कळलं नाही तर नेटवर्क खराब. आपलं कळलं नाही तर शाळा खराब, गाव खराब, मातृभाषा खराब. हे वाचून तुम्ही हसला असाल, तर तुम्हीही हे वाक्य कधीतरी वापरलेलं आहे!

आता तर यावर सॉफ्टवेअर निघालंय. सानस नावाच्या अमेरिकन कंपनीचं एआय बोलणाऱ्याचा ॲक्सेंट बोलता बोलताच बदलून टाकतं. टेलिपरफॉर्मन्स या बड्या कॉल सेंटर कंपनीने आपल्या भारतातल्या लोकांसाठी ते वापरायला घेतल्याची बातमी २०२५ मध्ये आली. ज्याला दिवसभर फोनवरून ‘तुमच्या देशातलं कुणी द्या’ हे ऐकून घ्यावं लागतं, त्याला हे बरंच वाटेल, त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण सत्या नडेला किंवा सुंदर पिचाई यांच्या बोलण्यावर हे सॉफ्टवेअर कुणी लावणार आहे का? दोघंही छान बोलतात आणि दोघांच्या बोलण्यात आपल्याकडचा रंग स्पष्ट ऐकू येतो. मायक्रोसॉफ्ट आणि गुगलचे बॉस बोलायला लागले, की लोक नीट कान देऊन ऐकतात आणि नीट ऐकलं की कळतंच. समजण्याची अर्धी जबाबदारी ऐकणाऱ्याची असते, ती तो कुणासाठी उचलतो एवढाच प्रश्न.

शिकण्याच्या मी विरोधात नाही हं. कपिल देवसारखा वर्ल्ड कप जिंकलेला कॅप्टन ‘रॅपिडेक्स’ इंग्लिश कोर्सच्या जाहिरातीत झळकला, ते बघून कितीतरी घरांत ते जाडजूड पुस्तक आलं आणि त्यातून लोकांना नोकऱ्याही मिळाल्या असतील. आणि शिकण्याचा बेस्ट किस्सा तर लता मंगेशकरांचा. नवीन असताना दिलीपकुमार त्यांना लोकलमध्ये भेटले, मराठी मुलगी आहे कळल्यावर म्हणाले, की मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो. लताबाईंना लागलं. पण घरी जाऊन त्यांनी शिक्षक गाठला आणि रीतसर उर्दू शिकायला घेतलं. पुढचं सांगायला नको. ही गोष्ट त्या स्वतः आयुष्यभर सांगत राहिल्या. पण बघा, त्यांचं काम काय होतं? शब्द गाणं. तिथे ‘ख’ आणि नुक्तावाला ‘ख़’ यांतला फरक हाच कामाचा भाग. गायिकेला, नटाला, न्यूजरीडरला उच्चार तपासून घ्या, शंभर टक्के. धावणाऱ्या मुलीला आणि कोड लिहिणाऱ्या मुलीला कशासाठी?

इथवर वाचून आपण सगळे एकजुटीने मान हलवत असू. साहेब वाईट, साहेबाची भाषा मिरवणारे वाईट, आपण बिचारे. तेव्हा आता जरा स्वतःच्या पाटाखाली बघू.

बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ नाटक तुम्हाला माहीत असेल. फुलं विकणारी पोरगी, उच्चारशास्त्राचा प्रोफेसर आणि ‘हिला सहा महिन्यांत हायफाय बोलायला शिकवतो’ अशी पैज. इंग्लिश उच्चारांवरचं हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते १९१३ मध्ये, व्हिएन्नात, जर्मन भाषेत! शॉ आयरिश होता, त्याला या योगायोगाची गंमत वाटली असणार. पुढे बीबीसीने अनाउन्सरांचे उच्चार ठरवायला कमिटी नेमली, तीवरही हाच शॉ होता. तर हे नाटक १९७५ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलं, ‘ती फुलराणी’. भक्ती बर्वेंनी मंजुळा केली आणि ती घराघरात पोचली.

एक बारीकशी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. इंग्लिश उच्चारांचं नाटक मराठीत आणताना पुलंना मराठी माणसाला इंग्लिश शिकवणारा प्रोफेसर शोधावा लागला नाही. मराठी माणसाला मराठी शिकवणारा प्रोफेसर पुरला! साहेबाकडे कॉकनी आणि क्वीन्स इंग्लिश असेल, तर आपल्याकडे ‘पानी’ आणि ‘पाणी’ आहे. ‘न’ आणि ‘ण’. तेवढ्या एका अक्षरावरून समोरच्याचं गाव, त्याच्या बापाचा धंदा आणि अनेकदा त्याची जातही आपण मनातल्या मनात लिहून मोकळे होतो. वऱ्हाडातला मुलगा ‘मी येऊन राहिलो’ म्हणाला की टेबलावर कुणीतरी गालातल्या गालात हसतं. टीव्हीवर एखादा आमदार ‘आनि’ म्हणाला, की त्याचा मुद्दा काय होता हे कुणाला आठवत नाही. पाण्याच्या टँकरवर बोलत होता बिचारा, पण आपलं सगळं लक्ष ‘पानी’कडे!

भाषाशास्त्राच्या लेखी ‘पानी’ ही चूकच नाही. शेजारच्या हिंदीत अख्खा देश ‘पानी’ पितो आणि त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. तिथे तो शब्द प्रमाण, इथे गावंढळ. लॉर्डसाहेबांच्या त्या गिळलेल्या ‘जी’सारखंच झालं ना हे?

गौरी शिंदेचा ‘इंग्लिश विंग्लिश’ २०१२ मध्ये आला, तेव्हा थिएटरात आपण सगळेच श्रीदेवीच्या, म्हणजे शशी गोडबोलेच्या बाजूने होतो. ‘जॅझ’चा उच्चार चुकल्यावर तिची मुलगी तिला हसते, तेव्हा घशात आवंढा आला होता. ती शशी पुण्याची. आता समजा, त्याच शशीकडे लाडू वळायला येणारी बाई असती आणि ती ‘लोनी’ म्हणाली असती, तर शशी हसली नसती, असं छातीठोकपणे सांगता येईल तुम्हाला?

परवा त्या मराठवाड्यातल्या मैत्रिणीला हा लेख लिहितेय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ‘क्लायंटच्या कॉलचं लिही नक्की, पण एक सांगू? पुण्यात आल्यावर पहिल्यांदा गप्प बसायला शिकले ते इंग्लिशमुळे नाही. पीजीमधल्या मुली माझं मराठी ऐकून हसायच्या, तेव्हापासून.’